न निघालेल्या जागा

अर्थव्यवस्था मंदावू लागते तेव्हा तिची पहिली खूण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दिसत नाही. कारखान्याला टाळे लागले आणि शेकडो कामगार एका दिवसात घरी बसले, तर त्याची बातमी होते, संघटना फाटकाशी उभ्या राहतात, सरकारला उत्तर द्यावे लागते. पण वाढीचा वेग दोन-तीन टक्क्यांनी खाली येतो तेव्हा बहुतेक मालक कोणालाही काढून टाकत नाहीत. निवृत्त झालेल्या माणसाची जागा ते रिकामी ठेवतात, नवी शाखा पुढच्या वर्षावर ढकलतात, उमेदवारीवर घेतलेल्यांना कायम करत नाहीत आणि ज्यांचे कंत्राट संपले त्यांना नवे देत नाहीत. यातले एकही पाऊल बेकायदा नसते, त्याची कोठे नोंदही होत नाही. या सगळ्याचा भार मात्र एकाच वयाच्या लोकांवर पडतो. ज्यांचे शिक्षण नुकतेच संपले आहे आणि ज्यांच्या नावावर अजून एकही नोकरी नाही, त्यांच्यावर. नोकरी गेलेल्या माणसाला आपले काय गेले ते दाखवता येते. जी जागा निघालीच नाही, ती गमावल्याचा पुरावा कोणापाशीच नसतो.

तरुणांच्या बेरोजगारीविषयी आणि त्यातून उठणाऱ्या असंतोषाविषयी लिहिताना मी सुरुवात येथून करतो आहे, कारण या विषयाची बरीचशी चर्चा तरुणांच्या स्वभावापासून सुरू होते आणि तेथेच संपते. त्यांना कष्ट नकोत, त्यांना बसून करायची कामे हवीत, आमच्या वेळी आम्ही मिळेल ते केले, ही वाक्ये किती घरांत आणि किती भाषांत बोलली जात असतील याची गणती नाही. ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात, बहुधा ती काळजीनेच बोलत असतात. परंतु बेकारीचे मूळ स्वभावात आहे असे मानायचे, तर स्पेनमध्ये पंचविशीच्या आतील तरुणांचा बेरोजगारीचा दर २००७ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास होता तो २०१३ मध्ये ५५ टक्क्यांवर कसा गेला, आणि त्याच वर्षी ग्रीसमध्ये तो ५८ टक्क्यांपर्यंत कसा पोहोचला, याचे उत्तर द्यावे लागेल. सहा वर्षांत एका देशातील तरुणांची वृत्ती इतकी बदलत नाही. बदलला होता तो मालकांचा हिशेब.

तो हिशेब समजून घेणे अवघड नाही. जुन्या माणसाला काढायचे तर त्याला भरपाई द्यावी लागते, त्याला शिकवण्यावर झालेला खर्च वाया जातो, आणि पुढे मागणी वाढली की तो परत मिळेलच असे नाही. नव्याला न घेण्याचा खर्च मात्र काहीच नसतो. शिवाय तरुण ज्या उद्योगांत मोठ्या संख्येने पहिले पाऊल टाकतात, म्हणजे बांधकाम, हॉटेले, दुकाने, वाहतूक, ते उद्योग मागणी घटली की सर्वांत आधी आखडतात. अर्थशास्त्रज्ञ आर्थर ओकन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून उत्पादनवाढ मंदावली की बेरोजगारी वाढते हा संबंध मांडला, तो आजही पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो. तरुणांच्या बाबतीत हा संबंध अधिक तीव्र असतो, हे नंतरच्या अनेक देशांच्या अनुभवातून दिसले आहे. प्रौढांच्या बेरोजगारीपेक्षा तरुणांची अधिक वेगाने वाढते, आणि सुधारणा सुरू झाली तरी आधी नंबर लागतो तो अनुभव असलेल्यांचा.

स्पेनचे उदाहरण येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. १९८४ च्या सुधारणेनंतर तेथे मुदतीची कंत्राटे सुलभ झाली आणि श्रमबाजाराचे दोन भाग पडले. एका भागात भक्कम संरक्षण असलेले कायम कामगार होते, तर दुसऱ्या भागात काही महिन्यांच्या कंत्राटांवर एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरणारे लोक. २००८ च्या आधी तेथील एकूण पगारी कामगारांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुदतीच्या कंत्राटावर होते आणि पंचविशीच्या आतील तरुणांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. बांधकामाची तेजी इतकी होती की अनेक मुलांनी शाळा अर्ध्यावर सोडून विटा-सिमेंटचे काम धरले. तेजी ओसरली तेव्हा त्यांना कामावरून काढावेही लागले नाही, फक्त त्यांची कंत्राटे संपली. १५ मे २०११ रोजी माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात जे तरुण जमले आणि पुढे कित्येक आठवडे तेथेच राहिले, त्यांच्या रागामागे ही दोन भागांची रचना होती. डिसेंबर २०२१ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात समझोता होऊन मुदतीच्या कंत्राटांवर कडक मर्यादा आल्या आणि त्यानंतर अशा कंत्राटांचे प्रमाण स्पष्टपणे घटले. म्हणजे हे करता येत होते. ते दहा वर्षे आधी का झाले नाही, हा प्रश्न त्या चौकातल्या पिढीने विचारला तर तो रास्तच ठरेल.

आकड्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बेरोजगार ठरण्यासाठी हाती काम नसणे पुरेसे नाही, काम शोधत असणे आणि लगेच रुजू होण्याची तयारी असणेही आवश्यक असते. जो शोधून थकला आणि थांबला, तो बेरोजगारांच्या यादीतून गळतो. जी मुलगी लग्न करून घरकामात गुंतली आणि जिने अर्ज करणेच सोडले, तीही गळते. याच संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये १५ ते २४ वयोगटाचा जागतिक बेरोजगारीचा दर १३ टक्के होता, म्हणजे सुमारे ६ कोटी ४९ लाख तरुण. हा पंधरा वर्षांतील नीचांक होता. पण त्याच वर्षी जगातील २०.४ टक्के तरुण शिक्षणातही नव्हते, नोकरीतही नव्हते आणि प्रशिक्षणातही नव्हते, आणि त्यांच्यापैकी दर तिघांत दोन मुली होत्या. पहिला आकडा वाचून समाधान मानणाऱ्याने दुसरा आकडा वाचलेला नसतो. दर खाली येत असतानाच पुढच्या वर्षी बांगलादेशात आणि केनियात तरुण रस्त्यावर उतरले, यावरून असंतोष मोजायला एवढा एक आकडा पुरत नाही हे उघड आहे.

चीनमध्ये तर आकडाच काही काळ बंद झाला. जून २०२३ मध्ये तेथील शहरी भागातील १६ ते २४ वयोगटाचा बेरोजगारीचा दर २१.३ टक्के नोंदला गेला आणि ऑगस्टमध्ये सांख्यिकी विभागाने हा आकडा प्रसिद्ध करणे थांबवले. जानेवारी २०२४ मध्ये शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना वगळून नव्या पद्धतीने तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा डिसेंबरचा दर १४.९ टक्के दाखवण्यात आला. विद्यार्थ्यांना वगळावे की नाही, यावर संख्याशास्त्रज्ञांत प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु आकडा सर्वांत वाईट असताना तो थांबवणे ही गोष्ट वेगळी आहे. ज्या तरुणाला नोकरी मिळत नाही, त्याला निदान इतके कळण्याचा हक्क आहे की आपण एकटे नाही. आकडा दडवला की त्याच्या वाट्याला उरते ती फक्त स्वतःला दोष देण्याची मोकळीक.

आता शिकलेल्यांविषयी. सर्वसाधारण समज असा की शिक्षण वाढले की बेकारी कमी होते. श्रीमंत देशांत हे बऱ्याच अंशी खरे आहे. मध्यम आणि गरीब देशांत चित्र अनेकदा उलटे असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत तो ३.४ टक्के होता. यावरून शिक्षण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याच्या घरी आजच्या कमाईवर आजची चूल पेटते, त्याला बेरोजगार राहणे परवडतच नाही. तो मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या अटींवर कामाला लागतो आणि सरकारी नोंदीत रोजगारात असलेला ठरतो. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या घराने त्याला थांबवण्याचा निर्णय घेतलेला असतो. त्या निर्णयाची किंमत घर मोजत असते. वडिलांची निवृत्तीची रक्कम त्यात जाते, आईचे दागिने जातात, बहिणीचे शिक्षण थोडे लवकर आटोपले जाते. म्हणून शिकलेल्या तरुणाची बेकारी ही एका माणसाची बेकारी नसते. अख्ख्या कुटुंबाने अनेक वर्षांची बचत एका आशेवर लावलेली असते, आणि जसजशी वर्षे जातात तसतसे मागे फिरणे अधिक कठीण होते, कारण मागे फिरायचे म्हणजे ती सगळी बचत बुडाली असे मान्य करायचे.

या थांबण्याने माणसाचे काय होते, यावर झालेला सर्वांत हृद्य अभ्यास मला जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा वाटतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव होते आणि ते गाव एका कापडगिरणीवर जगत होते. महामंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदमच बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे जाऊन पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. लोकांना आता वेळच वेळ होता, तेव्हा ते अधिक वाचतील, अधिक सभा भरवतील, राजकारणात अधिक उतरतील असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून जाणारी पुस्तके दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. संघटनांची वर्दळ घटली. संशोधकांनी खिडकीत उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली तेव्हा पुरुष सावकाश चालत होते आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते, तर स्त्रिया, ज्यांना घरचे काम संपलेले नव्हते, त्या मानाने भरभर चालत होत्या. दिवसभरात काय केले, हे विचारल्यावर पुरुषांना तासांचा हिशेब देता येत नव्हता. कामाने फक्त पैसा मिळत नाही. दिवसाला आकार मिळतो, लोकांच्या भेटी होतात, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही खात्री मिळते. याहोदा यांनी पुढे आयुष्यभर हाच विचार विस्ताराने मांडला.

मारिएन्थालमध्ये बंड झाले नाही. दीर्घ बेकारीने तेथे माणसे निमूट झाली होती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘बेकार तरुण म्हणजे दारूगोळा’ अशा भाषेत जे लेख लिहिले जातात ते या अनुभवाकडे दुर्लक्ष करतात. केवळ काम नसल्याने माणूस रस्त्यावर येत नाही, उलट तो घरात बसतो, नातेवाइकांच्या कार्यक्रमांना जाणे टाळतो, ‘सध्या काय करतोस’ या प्रश्नाला घाबरतो. सरकारे या शांततेला समाधान समजतात. मग एखाद्या दिवशी काहीतरी घडते आणि सर्वांना आश्चर्य वाटते. ते काहीतरी काय असते, हे मी निरनिराळ्या देशांच्या बाबतीत समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे, आणि मला जे आढळते ते असे की संताप जागा कमी असल्यामुळे उसळत नाही. कमी असलेल्या जागा वाटताना फसवणूक झाली असे दिसले, की तो उसळतो. थांबण्याची तयारी माणसांत पुष्कळ असते. आपण रांगेत थांबलो आणि दुसरा मागच्या दाराने आत गेला, हे कळल्यानंतर ती संपते.

सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, एप्रिल १९७१ मध्ये जो उठाव झाला तो बहुतांशी विशीतल्या आणि त्याहूनही लहान अशा खेड्यातील शिकलेल्या मुलामुलींचा होता. स्वातंत्र्यानंतर त्या देशाने मोफत शिक्षण फार दूरवर नेले होते, पण अर्थव्यवस्था चहा, रबर आणि नारळ यांच्या निर्यातीवरच उभी होती आणि त्यांचे भाव घसरत होते. शाळा मुले घडवत होत्या आणि मळे त्यांना घेऊ शकत नव्हते. प्रतिष्ठा आणि सुरक्षा देणारी नोकरी म्हणजे सरकारी कचेरीतली, आणि तिच्या चाव्या राजकीय पुढाऱ्यांच्या हाती होत्या. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ डडली सीअर्स यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे एक मंडळ तेथे गेले. नोकऱ्या कमी आहेत एवढे सांगून ते थांबले नाही. शिक्षणाने जागवलेल्या अपेक्षा आणि अर्थव्यवस्थेत प्रत्यक्ष असलेली कामे यांच्यातील दरी त्याने विश्लेषणाच्या केंद्रस्थानी ठेवली. पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी मला त्या निदानात जुने झालेले फारसे काही दिसत नाही.

ट्युनिशियाची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण ती अनेकदा चुकीची सांगितली जाते. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद या गावात स्वतःला पेटवून घेणारा मोहम्मद बुअझीझी बेकार पदवीधर नव्हता. तो हातगाडीवर फळे-भाजी विकत होता आणि त्याचा माल नगरपालिकेच्या लोकांनी जप्त केला होता. ४ जानेवारी २०११ रोजी तो मरण पावला आणि १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. ट्युनिशियात पदवीधरांची बेकारी खरोखरच मोठी होती, पण हे पदवीधर एका भाजीवाल्यासाठी बाहेर आले, कारण दोघांची गाठ एकाच व्यवस्थेशी होती. एकाला वशिल्यावाचून नोकरी मिळत नव्हती आणि दुसऱ्याला हप्त्यावाचून धंदा करता येत नव्हता. जी सरकारे ‘नोकरी मागू नका, स्वतःचा व्यवसाय करा’ असे सांगतात, त्यांनी हातगाडीवाल्याशी आपले कर्मचारी कसे वागतात हे आधी पाहावे.

बांगलादेशात तर प्रश्न थेट वाटपाचाच होता. दशकभर तेथील अर्थव्यवस्था बहुतेक वर्षे सहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती, पण ती वाढ कपड्यांच्या कारखान्यांची होती आणि पदवीधरांसाठी तीत फारसे स्थान नव्हते. २०१५ मध्ये सरकारी वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि सरकारी नोकरीचे आकर्षण आणखी वाढले. अशा वेळी ३० टक्के जागा स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना राखून ठेवण्याची पद्धत, जी २०१८ च्या आंदोलनानंतर रद्द झाली होती, ती उच्च न्यायालयाच्या ५ जून २०२४ च्या निकालाने परत आली. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा एकूण सात टक्क्यांवर आणल्या, पण तोवर विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या होत्या आणि मागणी जागांपुरती उरली नव्हती. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देशाबाहेर गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या दिवसांत १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारने विद्यार्थ्यांशी बसून बोलणे केले असते, तर यातले किती जण आज जिवंत असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

राखीव जागांचा प्रश्न नसतो तेथे परीक्षेचा असतो. उत्तर प्रदेशात पोलीस शिपायांच्या ६०,२४४ जागांसाठी सुमारे ४८ लाख अर्ज आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली, पेपर फुटला आणि परीक्षा रद्द झाली. नायजेरियात १५ मार्च २०१४ रोजी इमिग्रेशन विभागाच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी लाखो तरुणांना एकाच दिवशी क्रीडांगणांवर बोलावण्यात आले आणि चेंगराचेंगरीत अनेकांचा जीव गेला. त्या प्रत्येकाकडून अर्जासाठी १,००० नायरा घेतलेले होते. ज्यांच्यापाशी काहीच कमाई नाही त्यांच्याकडून, जी नोकरी शंभरात एकालाही मिळणार नाही तिच्यासाठी, शुल्क गोळा करणे मला कोणत्याही देशात समर्थनीय वाटत नाही.

काही देशांत असंतोषाला वाट मिळते ती परदेशाची. नेपाळमध्ये बाहेर गेलेल्यांनी पाठवलेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. यामुळे घरे चालतात, पण सरकारवरचा दबावही हलका होतो, कारण ज्यांनी जाब विचारायचा ते विमानतळावरून निघून गेलेले असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे समाजमाध्यमांवर बंदी आली. पुढाऱ्यांच्या मुलांचे ऐषआराम याच माध्यमांवर सर्वांसमोर येत होते, आणि परदेशी गेलेल्यांशी घरचा संवादही त्यांवरूनच चालत होता. ८ सप्टेंबरला आंदोलन पेटले, आंदोलकांवर गोळीबार झाला, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना राजीनामा द्यावा लागला.

आता पुन्हा त्यांच्याकडे वळतो जे रस्त्यावर येत नाहीत आणि ज्यांना अखेरीस काही ना काही काम मिळतेही. मंदीच्या वर्षी शिक्षण संपवणे हा निव्वळ जन्मतारखेचा योगायोग असतो, पण त्याचा परिणाम दीर्घकाळ राहतो. कॅनडातील पदवीधरांच्या मोठ्या आकडेवारीवरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की मंदीत बाहेर पडलेल्यांचे उत्पन्न सुरुवातीला सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते आणि ही तूट भरून यायला जवळजवळ दहा वर्षे लागतात. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ लिसा कान यांच्या अभ्यासात तर तूट पंधरा वर्षांनंतरही दिसली. पहिली नोकरी लहान कंपनीत, कमी पगारावर आणि शिक्षणाशी संबंध नसलेली मिळाली की पुढची त्याच पायरीवरून शोधावी लागते. अर्थशास्त्रज्ञ ओलिव्हिए ब्लांशार आणि लॉरेन्स समर्स यांनी १९८६ मध्ये युरोपच्या संदर्भात मांडले होते की बेकारी लांबली तर तिचे मूळ कारण नाहीसे झाल्यावरही ती टिकून राहू शकते. म्हणजे मंदी तात्पुरती आहे, थोडा धीर धरा, हे सांगणे वाटते तितके निरुपद्रवी नाही.

जपानने हे एका अख्ख्या पिढीवर अनुभवले. तेथे मोठ्या कंपन्या पदवी मिळताच, दर एप्रिलमध्ये, एकत्र भरती करतात, आणि ती संधी हुकली की पुन्हा त्या दारात उभे राहणे फार कठीण असते. १९९० च्या सुमारास तेजीचा फुगा फुटल्यानंतर, साधारण १९९३ ते २००५ या काळात बाहेर पडलेली मुले मोठ्या संख्येने तात्पुरत्या आणि अर्धवेळ कामांत अडकली. अर्थव्यवस्था सावरली तेव्हा कंपन्यांनी त्या वर्षीची नवी मुले घेतली. ही मुले चाळिशीला आली तेव्हा, २०१९ मध्ये, सरकारने त्यांच्यासाठी खास कार्यक्रम जाहीर केला. त्याच वर्षी ताकाराझुका या शहराच्या नगरपालिकेने या पिढीसाठी तीन जागा काढल्या आणि १,८०० हून अधिक अर्ज आले. वीस वर्षांच्या विलंबाची यापेक्षा स्पष्ट नोंद मला दुसरीकडे सापडलेली नाही.

यावर उपाय म्हणून सर्वाधिक बोलले जाते ते कौशल्याविषयी. कौशल्य आवश्यक आहे यात शंका नाही, आणि जर्मनीसारख्या देशात जेथे मुलगा आठवड्यातील काही दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कारखान्यात वेतन घेऊन शिकतो, तेथे २०१३ मध्ये तरुणांचा बेरोजगारीचा दर आठ टक्क्यांच्या आसपास होता. पण तेथे शिकवणारा कारखाना आधी असतो आणि प्रमाणपत्र नंतर येते. मागणीच नसताना सहा महिन्यांचे वर्ग भरवून दिलेले प्रमाणपत्र जागा निर्माण करत नाही. ते फक्त रांगेतल्या माणसांचा क्रम बदलते आणि अपयशाची जबाबदारी पुन्हा त्याच मुलावर टाकते.

मग पैशाचा प्रश्न येतो. युरोफाउंड या युरोपीय संस्थेने काढलेल्या अंदाजानुसार शिक्षण, नोकरी आणि प्रशिक्षण या तिन्हींबाहेर असलेल्या तरुणांमुळे २०११ मध्ये युरोपीय महासंघाचे सुमारे १५३ अब्ज युरोंचे नुकसान झाले. युरो वापरणाऱ्या देशांत प्रत्येक तरुणाला चार महिन्यांच्या आत नोकरी, प्रशिक्षण किंवा पुढील शिक्षण देऊ करण्याची हमी द्यायची तर वर्षाला २१ अब्ज युरो लागतील, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितले होते. २०१३ मध्ये ही हमी स्वीकारली गेली आणि तिच्यासाठी सुरुवातीला सहा अब्ज युरोंची खास तरतूद झाली, तीही कित्येक वर्षांत मिळून.

ज्या देशांना एवढाही पैसा काढणे शक्य नाही, त्यांनाही काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत आणि त्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही. सरकारी भरतीचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावे आणि ते पाळावे. रिक्त पदे किती आहेत आणि त्यांतील किती भरायची नाहीत, हे खरेखरे सांगावे, म्हणजे ज्याला दुसरी वाट धरायची आहे तो विशीतच धरील, तिशी उलटल्यावर नाही. परीक्षा रद्द झाली तर शुल्क आणि प्रवासखर्च परत करावा. बेरोजगारीचा आकडा दरमहा, एकाच व्याख्येने, वाईट असला तरी प्रसिद्ध करावा. आणि ज्या वर्षी सरकारने स्वतःच भरती थांबवली, ते वर्ष उमेदवाराच्या वयोमर्यादेत धरू नये. अर्थव्यवस्थेचा वेग मंदावणे कोणत्याही मंत्र्याच्या पूर्णपणे हाती नसेल, पण वयोमर्यादेचा शासननिर्णय एका सहीने निघतो.